धुरपतामायनं धरलेली जागा

माझी निम्मी नोकरी समुद्राकाठी झाली असं मी सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, "नौदलात होता की काय?" नौदलात कसला, मी एसटीत कंडक्टर होतो. सुरत डेपो, सुरत–दीव गाडी. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि बुटांत दीवची वाळू. नव्वद सालानंतरची बरीच वर्षं माझ्या घरात रोज केर काढताना मूठभर वाळू निघायची. आमची सौ. म्हणायची, "पगार थोडा कमी आणा, पण वाळू आणू नका."

मी मूळचा शिंदखेड्याकडचा. सुरतेत आलो तेव्हा आमच्या भागातली बाकीची मंडळी लूमखात्यात, कापडाच्या मागांवर, शिरली, मी खाकी कपड्यात शिरलो. आमच्या सुरतेतल्या मराठी मंडळाच्या अंकात दरवर्षी शाळेतल्या आणि बँकेतल्या आठवणी येतात, त्या वाचून माझ्या मनात यायचं की आमच्या धंद्यात काय कमी माणसं भेटली? उलट त्यांच्याकडे माणूस काउंटरच्या पलीकडे असतो, आमच्याकडे तो पायावर पाय देऊन उभा असतो. म्हणून यंदा मीच कागद ओढला.

दीव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सौराष्ट्राच्या टोकाला ऊना गाव आहे. तिथून पुढे गेलं की खाडीवरचा पूल येतो आणि पूल ओलांडला की दीव बेट. एका टोकाला किल्ला, बाजार, एसटी स्टँड. दुसऱ्या टोकाला वणाकबारा नावाचं कोळ्यांचं गाव. मधे फुदम, मग नागवाचा समुद्रकिनारा, जिथे लोक पोहायला जातात. सबंध बेटाला एकच मोठा रस्ता. आणि सगळ्यात महत्त्वाची भूगोलाची गोष्ट म्हणजे गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही. त्यामुळे सुरतेहून जे लोक 'समुद्र बघायला' म्हणून माझ्या गाडीत चढायचे, त्यांतल्या कितीकांना समुद्र कोणत्या दिशेला आहे हेही परत येईपर्यंत कळत नसे.

आमची गाडी सकाळी सुरतेहून निघे आणि दिवेलागणीच्या बेताला दीवला पोचे. रात्री मुक्काम. पण एसटी कुणाला फुकट झोपू देत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी परत सुरतेला निघायचं, त्याआधी सकाळपासून तीच गाडी, तोच ड्रायव्हर आणि मीच, बेटावर वणाकबाऱ्यापर्यंत फेऱ्या मारत असू. म्हणजे काल ज्या गाडीनं तुम्हाला सुरतेहून आणलं, तीच आज तुम्हाला नागवाला पोहायला घेऊन जायची. रिक्षावाले पाहुण्यांना पाहून तोंडाला येईल तो भाव सांगत, त्यामुळे शहाणी माणसं आमच्याच गाडीनं बेट फिरत. मी त्यांना सांगायचो, "बेट एवढंसं आहे, हरवायला जागा नाही. फक्त शेवटची फेरी चुकवू नका."

या फेऱ्यांत दोन प्रकारची माणसं असत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नसे. एक सुट्टीवर आलेली, टोपी आणि काळा चष्मा घातलेली. दुसऱ्या वणाकबाऱ्याच्या कोळणी. त्या पहाटे मासळीच्या भरल्या टोपल्या घेऊन दीवच्या बाजारात यायच्या आणि दुपारी रिकाम्या टोपल्या घेऊन परत जायच्या. टोपली रिकामी झाली तरी वास काही विकला जात नाही. एकदा सुरतेतल्या भेस्तानच्या, शाळेत शिकवणाऱ्या एक बाई नाकाला पदर लावून मला म्हणाल्या, "कंडक्टर, पर्यटकांच्या गाडीत हे कशाला घेता?" मी म्हटलं, "बाई, ही त्यांचीच गाडी आहे, पर्यटकांना आम्ही घेतो." बाई रागावल्या. संध्याकाळी त्याच बाई बाजारात कोळणीशी पापलेटाचा भाव करताना दिसल्या. मी ओळख दाखवली नाही, त्यांनीही नाही.

परतीच्या वाटेवर पूल ओलांडला की नाका लागायचा. पोलीस गाडीत चढत, पिशव्या चाचपत. एका खेपेला सुरतेतल्या अडाजणचे एक गृहस्थ होते, बायकोसह. मांडीवर भलामोठा थर्मास आणि चेहऱ्यावर नको इतकी शांती. पोलिसानं थर्मासकडे बोट दाखवून विचारलं, "आमां शुं छे?" गृहस्थ म्हणाले, "चा." पोलीस हसला आणि म्हणाला, "तो पिवडावो." मग पाजा की. गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला. बायकोनं शांतपणे थर्मास घेतला, झाकणात ओतला, तर खरोखरच चहा! गारढोण, पण चहा. पोलीस उतरून गेला आणि तेव्हा कुठे गृहस्थ बायकोकडे वळले. बाईंनी स्टँडवरच थर्मास गटारात रिकामा करून टपरीवरचा चहा भरून घेतला होता. त्या माणसाला आनंद व्हावा की दुःख हे भावनगरपर्यंत ठरेना. शेवटी तो तोच चहा प्याला.

आता आमच्या गाडीच्या दोन गोष्टी समजून घ्या, म्हणजे पुढचं लक्षात येईल. पहिली पाटीची. गाडीच्या कपाळावर 'सुरत' अशी पत्र्याची पाटी असे. बेटावर फेऱ्या मारताना ती काढून 'वणाकबारा' लावायची असा नियम. पण आमचे ड्रायव्हर दलसुखभाई हे भावनगरकडचे, शरीरानं भारदस्त आणि पाटीच्या बाबतीत भलतेच कंटाळाखोर. ते 'सुरत' तशीच ठेवत आणि 'वणाकबारा' काचेच्या आत कोपऱ्यात उभी करून ठेवत. म्हणत, "गामना माणसने खबर छे." गावच्या माणसाला ठाऊकच आहे. पाहुण्याला कोण सांगणार, हा प्रश्न त्यांच्या मते माझा.

दुसरी गोष्ट जागा धरण्याची. सुट्टीत दीवहून सुरतेला परत जाताना गाडीत बसायला जागा मिळणं म्हणजे लॉटरी. मध्यरात्र उलटेपर्यंतचा प्रवास, उभ्यानं कोण करणार? त्यामुळे जागा धरण्याचं शास्त्र फार पुढे गेलेलं. खिडकीतून रुमाल टाकत, पिशवी टाकत, चप्पलसुद्धा टाकत. चप्पल ठेवलेल्या बाकावर कुणी बसत नसे, त्या अर्थी तो सर्वांत पक्का उपाय. आणि रुमालाचा मान सगळे ठेवत हे मात्र खरं. भांडण करीत, पण रुमाल उचलून फेकत नसत. आमच्या एसटीत कायदा पुस्तकात होता त्याहून जास्त त्या रुमालात होता.

तर ही दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. सुरतेतली लूमखाती दिवाळीत बंद असतात. आमची खानदेशी मंडळी तेव्हा गावाकडे जातात, पण बमरोलीच्या भगवान नावाच्या कामगारानं त्या वर्षी बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई यांना घेऊन दीव गाठलं होतं. येताना ती सगळी माझ्याच आधीच्या खेपेला गाडीत होती. भगवान बोलका, हौशी, नवा शर्ट घातलेला. म्हातारी धुरपतामाय, फिकं नऊवारी लुगडं, तोंडात एक शब्द नाही. वर्षापूर्वी नवरा गेला म्हणून भगवाननं तिला गावाहून बमरोलीला आणलं होतं, एवढं मला त्याच्या बोलण्यातून कळलं होतं.

परतीच्या दिवशी शेवटच्या फेरीसाठी गाडी स्टँडवर उभी होती. मी कंट्रोलरकडे सही करून आलो, तिकिटं फाडायला लागलो, तर मागच्या दाराजवळच्या दोन बाकांवर गोंधळ. एका बाकावर मधोमध धुरपतामाय मांडी घालून बसलेली. तिच्या दोन्ही बाजूंना पिशव्या. समोरच्या बाकावर गाठोडं, चादर आणि एक प्लॅस्टिकचं बादलीएवढं खेळण्यातलं जहाज. गाडी खचाखच भरलेली, वणाकबाऱ्याच्या कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या, आणि म्हातारी दोन बाक अडवून बसलेली.

त्या कोळणींची पुढारीण म्हणजे रतनबेन. उंचपुरी, आवाजानं होडी फिरवेल अशी. ती कंबरेवर हात ठेवून म्हणत होती, "माजी, आ गाडी तमारा दीकराए वेचाती लीधी छे?" मुलानं गाडी विकत घेतलीय का तुमच्या?

धुरपतामायला गुजराती कळत नव्हतं, पण कंबरेवरचा हात कळत होता. तिनं गाठोडं जवळ ओढलं.

मी विचारलं, "माय, कोठे जावानं शे?" आपली अहिराणी बोली ऐकल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

"सुरतले. पोऱ्या, सून, नातरे, समदा शेतस. मी जागा धरेल शे."

"माय, ही गाडी आत्ते सुरतले जात नही. वणाकबाराले जाई ऱ्हायनी. मंग परत येई, तव्हय सुरत."

"पाटीवर सुरत लिखेल शे. मन्हा पोऱ्यानी वाचीसन सांगं."

मी दलसुखभाईंच्या नावानं मनातल्या मनात दोन शब्द म्हटले. भगवाननं 'सुरत' पाटी बघितली, आपण आलो तीच गाडी ओळखली, आईला आणि सामानाला आत बसवलं, "उठू नको" म्हणून सांगितलं आणि जेवायला गेला. चूक त्याची नव्हती म्हणवत नाही, आणि होती असंही म्हणवत नाही. गाडी बरोबर होती, फक्त फेरी चुकीची होती. आणि मी हे सगळं समजून घेईस्तोवर पुढच्या कुणीतरी दोरी ओढली, दोन घंट्या झाल्या, गाडी हलली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. आमच्या दलसुखभाईंना पहिली कधी ऐकू येत नसे, दुसरी मात्र लांबूनही येई.

उतरवायचं तर सामानासकट म्हातारीला रस्त्यात कुठे सोडू? त्यापेक्षा फेरी संपवून तिला परत स्टँडवर आणणंच बरं. तिला मी समजावलं की आता या जागा धरून उपयोग नाही, वणाकबाऱ्याला गाडी रिकामी होणार, तेव्हा थोडं सरका. ती म्हणाली, "मन्हा पोऱ्या सांगी गया, उठू नको. मी सरकनार नही." माझ्या आयुष्यात मी मंत्र्याच्या पीएला उठवलं आहे, दारूत बुडालेल्या पैलवानाला उठवलं आहे. पण त्या म्हातारीपुढे माझी मात्रा चालेना.

खरं सांगायचं तर रतनबेनशी भांडण मिटलं ते माझ्यामुळे नाही. फुदमच्या वळणावर गाडी गचकली, उभी असलेली एक पोरसवदा कोळीण पडता पडता वाचली, आणि धुरपतामायनं स्वतःच्या हातानं एक पिशवी मांडीवर घेऊन तिला शेजारी बसवलं. मग माझ्याकडे बघून बजावलं, "ही तवढीच. बाकीनी जागा मन्हा पोरेसनी." रतनबेन हसली. म्हणाली, "डोशी पाक्की छे." म्हातारी पक्की आहे.

फुदम मागे पडलं आणि डाव्या हाताला झाडांच्या फटीतून समुद्र दिसायला लागला. आमच्याकडे ताडाचं झाड एका खोडाचं, तिथे होकाचं झाड दोन दोन फांद्या फुटलेलं. त्यांच्यामधून निळं पाणी चमकत होतं. धुरपतामाय खिडकीकडे वळली ती वळलीच.

"भाऊ, हाऊ समिंदर का?"

"हा माय. तुम्ही पाह्यना नही का अजून? दोन दिवस दीवमा शेतस ना?"

तिनं मान हलवली. काल सगळे किल्ला बघायला गेले. चढाव आहे, माय थकेल, म्हणून तिला धर्मशाळेत सामानापाशी बसवलं. आज सकाळी सगळे नागवाला पोहायला गेले. ऊन आहे, माय थकेल, म्हणून परत सामानापाशी. मुलगा वाईट नव्हता हो. "पुढला खेपले तुले नेसू," असं तो दर वेळी मनापासून म्हणायचा. सुरतेतही डुमसला नेतो म्हणून वर्षभर म्हणत होता. डुमसला समुद्र कमी आणि चिखल जास्त, हे निराळं.

"माय, तुम्हले एवढं समिंदर दखानं व्हतं?" मी सहज विचारलं.

तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "गये साल मन्हा मालक गयात. प्रकाशाले तापीमा सोडं त्यासले. समदा म्हनतस, तापी समिंदरले जास. म्हनीसन म्हनू, येकदाव दखी लेऊ. पोचनात का नही."

प्रकाशा तीर्थाला तापीत अस्थी सोडलेल्या, आणि ही बाई त्या कुठवर पोचल्या ते बघायला निघालेली. घरात कुणाला बोलली नव्हती. दोन दिवस पिशव्या राखत बसली होती. माझीही आई गावाकडे, माझेही वडील त्याच तापीत. तापी समुद्राला मिळते ती सुरतेच्या बाजूला, इथून कितीतरी लांब, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "पानी त येकच शे ना, भाऊ?"

"येकच शे, माय," मी म्हणालो. भूगोल शिकवायचं काम एसटीनं मला दिलेलं नव्हतं.

नागवाचा स्टॉप अगदी किनाऱ्याला लागून. गाडीतून उतरलं की वाळूच. मी म्हटलं, "माय, उतरा. पाय भिजाडी या. गाडी थांबाडस मी."

आणि म्हातारी हलेना! डोळे समुद्रावर, हात गाठोड्यावर. "जागा जाई ना, भाऊ."

तिचं खोटं नव्हतं. नागवाला परतीची गर्दी उभीच होती. आमच्याकडचे हुशार लोक दीवला जाण्यासाठी आधी उलट्या दिशेच्या गाडीत बसत, वणाकबाऱ्याला फुकट चक्कर मारत आणि जागेवर चिकटून परत येत. ती सगळी झुंड दाराशी लोटली होती. म्हातारी उठली असती तर दोन्ही बाक डोळ्याचं पातं लवायच्या आत गेले असते. मुलानं विश्वासानं सोपवलेलं काम आणि वर्षभर मनात धरलेला समुद्र, यांतलं एक तिला सोडावं लागणार होतं. आणि ती समुद्र सोडत होती. मी तिला दोन वेळा म्हटलं, तीन वेळा म्हटलं. ती नुसती मान हलवायची.

मी रतनबेनला गुजरातीत सगळं सांगितलं. प्रकाशा, तापी, नवरा, जागा. रतनबेननं ऐकून घेतलं, आपली टोपली उचलली आणि धाडकन समोरच्या बाकावर ठेवली. मग कमरेचा ओला फडका काढून म्हातारीच्या बाकावर अंथरला. म्हणाली, "माडी, तमे जाओ. तमारी जग्या हुं हाचवुं छुं." जागा मी राखते.

म्हातारीनं माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला. तरी तिचा विश्वास बसेना. तेव्हा पलीकडे सुरतेचं एक नवंकोरं जोडपं बसलं होतं, त्यातल्या मुलीनं ओढणी काढून बाकाच्या कोपऱ्यावर टाकली. तिच्या नवऱ्यानं घाईघाईनं आपला रुमाल टाकला. मग मागच्या एका काकांनी टोपी, कुणी वर्तमानपत्र, आणि एका कोळणीनं चक्क चप्पल. दोन बाकांवर इतक्या वस्तू जमल्या की सत्यनारायण मांडल्यासारखं दिसायला लागलं. धुरपतामायनं एकेक वस्तू नीट पाहिली, चपलेवर नजर टाकून समाधानानं मान हलवली आणि उठली.

आता माझी अडचण. कंडक्टरनं तिकिटांची पेटी आणि पिशवी सोडून खाली उतरायचं नसतं, आणि म्हातारीला वाळूतून एकटी सोडवेना. मी पेटी घेऊन केबिनपाशी गेलो. दलसुखभाईंनी सगळं आरशातून पाहिलं होतं. त्यांनी पेटी मांडीवर घेतली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "सोनवणे, पाछला टायरमां हवा ओछी लागे छे. जोवुं पडशे." मागच्या टायरमधली हवा मुळीच कमी नव्हती. पण ड्रायव्हर लोखंडी सळई घेऊन टायर ठोकायला उतरला, की गाडी का थांबली हे देवसुद्धा विचारत नाही. पेटी काखेत मारून ते ठक्, ठक् करत एकेका टायरभोवती अशा काळजीनं फिरले, की उद्या नवे घ्यायचे आहेत असं वाटावं.

मी बूट काढले, पँट दुमडली. इतकी वर्षं त्या किनाऱ्यावरून रोज ये-जा करत होतो, पण मीही त्या पाण्यात पहिल्यांदाच उतरत होतो. म्हातारीनं माझं मनगट धरलं होतं. पहिली लाट आली तशी ती दचकून मागे झाली, मग हसली. दुसऱ्या लाटेला तिनं लुगडं आवरलं नाही. घोटे बुडाले, निऱ्या भिजल्या. समोर बघत, शेजारच्या ओसरीवर बसलेल्या माणसाशी बोलावं तितक्या सहज आवाजात ती म्हणाली, "पोचनात का हो?"

मी दुसरीकडे पाहिलं. मला रडू येत होतं आणि कंडक्टरला गणवेशात रडता येत नाही.

तिनं ओंजळीत पाणी घेतलं, कपाळाला लावलं आणि जिभेवर टेकवलं. तोंड वाकडं झालं. "खारं शे!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तापीनं पानी कितलं गोड व्हतं. आठे येवाबरोबर खारट व्हई गयात. तसा बोलाले पह्यलेपसूनच खारट व्हतात." आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की माझंही रडू कुठच्या कुठे गेलं.

आम्ही परत आलो तेव्हा गाडीत नवी गर्दी शिरलेली. एक चष्मेवाला तरुण बाकाशी वाकून विचारत होता, "ये सीट खाली है?" रतनबेन दोन्ही बाकांच्या मधे होडीच्या नांगरासारखी उभी. तिनं उत्तर दिलं, "खाली नथी. माजी दरिये गयां छे." माजी समुद्रावर गेल्यात, यावर कुणाला काय बोलता येणार? तरुण मुकाट्यानं दांडीला लोंबकळला. धुरपतामायनं आपल्या जागी मांडी घातली, रतनबेनचा फडका घडी करून परत दिला आणि आपल्या पिशवीतला दिवाळीच्या चकल्यांचा पुडा तिच्या टोपलीत ठेवला. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं. वणाकबाऱ्यापर्यंत दोघी बोलतच होत्या.

दीवच्या स्टँडवर गाडी शिरली तेव्हा भगवान वेड्यासारखा धावत होता. सून रडत होती, मुलं भेदरलेली. त्यांनी कंट्रोलरला विचारलं होतं, रिक्षावाल्यांना विचारलं होतं, खाडीच्या काठापर्यंत जाऊन आले होते. गाडी थांबायच्या आत भगवान पायरीवर चढला.

"माय! कोठे गयती तू? तुले सांगेल व्हतं ना, आठेच बस!"

"आठेच त बठेल शे," धुरपतामाय शांतपणे म्हणाली. "गाडी गयी व्हती. मी कोठे गयी?"

सगळी गाडी खो खो हसली. भगवानला हसावं की ओरडावं कळेना. तो कपाळाचा घाम पुसत बाकावर टेकला. सुनेचं लक्ष सासूच्या निऱ्यांकडे गेलं. "आत्याबाई, लुगडं कसं वल्लं?"

"तुन्हा सासराले भेटी उनू," ती म्हणाली, आणि मग भगवानला उद्देशून, "पोचनात बरं का रे. समदं ठीक शे."

प्रकाशाला अस्थींचं मडकं भगवाननंच आपल्या हातानं पाण्यात सोडलं असणार. त्याला काही विचारावं लागलं नाही. तो आईच्या ओल्या पायांकडे बघत राहिला आणि ती मात्र खुशीत त्याला सांगत होती, "आत्ते पुढला खेपले तुम्ही जागा धरा. मी फिरी येसू."

बाहेर सुरतेची गर्दी दारांवर तुटून पडली होती. बाकाबाकावर रुमाल पडत होते. दलसुखभाई चहा पिऊन आले, मी कंट्रोलरची सही घेतली, दोरीला हात घातला. तेवढ्यात भगवान उठला.

"पुढली खेप कशाले?" तो म्हणाला. "चाल माय. उतर."

"कोठे?"

"बाबाकडे. माले बी दखानं शे. पोरेसले बी दखाडू."

बायको म्हणाली, "अहो, सकायनी पाळी बुडी जाई." उद्यापासून खातं सुरू होणार होतं. भगवान म्हणाला, "बुडू दे." त्यानं खिडकीतून गाठोडं खाली टाकलं, पिशव्या टाकल्या, जहाज मुलाच्या हातात दिलं. मला म्हणाला, "भाऊ, उद्यानी गाडी शे ना?" मी म्हटलं, "शे." जागा मिळेल की नाही ते मी सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही.

एकटी धुरपतामाय उतरायला तयार नव्हती. "आरे येडा, जागा! इतला लोकेससंगे भांडीसन धरी मी!" भगवाननं तिला जवळजवळ उचलूनच पायऱ्यांवरून खाली घेतलं. मी दोन घंट्या दिल्या. गाडी हलली, तरी ती मुलाचा हात सोडवून खिडकीबरोबर चार पावलं चालत आली आणि ओरडून म्हणाली, "भाऊ! कोन्हाले बसू नको देजो!"

दोन्ही बाक रिकामे होते आणि गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुणीतरी त्या बाकांकडे सरकलं. मी हात आडवा केला. पूल ओलांडेपर्यंत मी तिथे कुणालाही बसू दिलं नाही, आणि त्या तुडुंब गाडीत एकानंही मला का म्हणून विचारलं नाही.